नाव घातलेलं ताट

अण्णा गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात शारजाजवळच्या धैदमधल्या बागेतली दोन नंबरची बोअर आटली. मोटार सुरू केली की आधी नुसता वारा यायचा, मग लालसर गढूळ पाणी, मग पुन्हा वारा. खजूर रंगावर येण्याचे दिवस, आणि चारशे झाडांना एका बोअरचं पाणी. अण्णांनी पाळ्या लावल्या. पहाटे तीनला निम्मी बाग भिजवायची, संध्याकाळी निम्मी. माणसांना प्यायला टँकर यायचा, त्याचं पाणी दुपारपर्यंत चहा करण्याइतकं तापायचं.

अण्णा त्या बागेचे सुपरवायझर होते. पोलादपूरकडचा माणूस, वाळूत बाग राखायला शिकलेला. मालकाला सगळे अरबाब म्हणत. तो शारजात राहायचा आणि फक्त शुक्रवारी यायचा. बाकीचे सहा दिवस बाग अण्णांची होती. आई आणि अण्णा बागेतल्याच दोन खोल्यांत राहत. मी आठवडाभर शारजाला, अल मजाजमध्ये बिलकीसच्या घरी असायचे. बिलकीस श्रीवर्धनची, पण जन्म शारजातला. आम्ही दोघी एकाच टायपिंग सेंटरमध्ये होतो. ती अरबी टाइप करायची, मी इंग्रजी. गुरुवारी दुपारी मी शेअर टॅक्सीने धैदला यायचे.

बागेत माणसं आठ. झाडावर चढणारा लियाकत पठाण, शेळ्यांकडे बघणारा याकूब बंगाली, आमच्या तालुक्यातले पाच, आणि भिकाजी. असंच मोजलं जायचं. पाच आणि भिकाजी.

भिकाजी हिलम आमच्या गावाखालच्या कातकरवाडीतला. वय पंचविसाच्या आसपास. अण्णांनीच त्याला आणलं होतं. खड्डा खणायचा, शेणखत उचलायचं, सेप्टिक टँकचं झाकण उघडायचं, हे त्याचं काम. मराठी माणसांची मेस आईकडे होती. पाच जण पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याखाली जेवायचे. भिकाजीचं ताट आई मोटारघराच्या खिडकीत ठेवायची. तो मोटारीच्या घरघरीत, भिंतीला पाठ लावून जेवायचा आणि ताट स्वतः धुऊन परत खिडकीत उपडं घालायचा. शेडच्या पाण्याच्या कूलरला साखळीने बांधलेला स्टीलचा पेला होता. लियाकत आणि याकूब त्यातच पाणी प्यायचे. भिकाजी आला की अनिल, आमच्याच आळीतला, पेला भरून वरून धार सोडायचा. भिकाजी खाली ओंजळ धरायचा. अठ्ठेचाळीस अंशांत घामाने निसरड्या झालेल्या हातांची ओंजळ, त्यातलं निम्मं पाणी कोपरावरून सांडायचं.

लियाकतच्या हातचा चहा मात्र अण्णा प्यायचे. त्याच्या तंदूरवरची रोटीही खायचे. परक्या देशातल्या परक्या माणसाचं चालत होतं. भिकाजी गावचा होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लियाकत झाडावरून घसरला. कमरेला आणि बुंध्याला वेढा घालणारा दोरखंडाचा पट्टा जुना झाला होता. मनगट मोडलं. घड पिवळे पडायला लागले होते आणि चढणारा माणूस नाही. अण्णा दोन दिवस फोनवर माणूस शोधत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी पट्टा न घेताच झाडावर गेला. नुसत्या हातापायांनी. गावाकडे मधाची पोळी काढायला जातात तसा. वरून त्याने घड कापून दोरीने खाली सोडला, एकही दाणा गळला नाही.

"उतर रे, मरशील!" अण्णा खालून ओरडले.

"नाय मरत अण्णा. हितं माशा नाय चावत, मंग काय मरायचं?"

लियाकत गळ्यात हात अडकवून खाली बसला होता. तो हसला. "ये तो बंदर है, साहब. मेरी रोटी गई."

त्या संध्याकाळी भिकाजी ताट धुताना मला म्हणाला, "बाय, अण्णास सांग ना. मना झाडावरचा कर म्हनावं. सप्टेंबरात विसा संपतो. झाडावरचं काम असंल तर आनखी तीन वर्सं काढीन. खड्ड्यात नाय काढवत आता." त्याचे हात कोपरापर्यंत काट्यांनी सोललेले होते. "अण्णा बघू म्हनलेत."

ताट उपडं घालण्यापूर्वी त्याने ते शर्टाने पुसलं. कडेला ठिपक्यांनी अक्षरं उठवली होती, 'भि. हि.' अण्णांचा हात या कामात चांगला होता. आईची लग्नातली भांडी, माझा डबा, सगळ्यांवर त्यांनीच खिळा आणि हातोडीने नावं घातली होती.

"हे गावी नेनार," भिकाजी म्हणाला. "आईस दावनार. आमच्या वाडीत कुनाच्या भांड्यावर नाव नाय. अण्णांनी माझं घातलं."

शेडमधली बाकीची ताटं एकसारखी होती. कुठल्याच ताटावर नाव नव्हतं. मी ती पाच वर्षं धूत आले होते आणि हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं.

त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीला दक्षिण आफ्रिकेत वंशभेदाविरुद्ध जगभरची परिषद भरणार होती. जातीचा प्रश्न तिथे घ्यायचा की नाही यावर पेपरात रोज काहीतरी यायचं. बिलकीस, मी आणि मिथुन, आम्ही तिघं ती कात्रणं जमवत होतो. मिथुन अल मजाजमध्येच बिलकीसच्या खालच्या मजल्यावर राहायचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि मराठी समजून निम्म्या इंग्रजीत उत्तरं द्यायचा. आम्ही शारजातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एक बोर्ड लावला. एका बाजूला इथल्या साइटवर माणसांना कुठल्या नावांनी हाक मारतात त्यांची यादी, दुसऱ्या बाजूला आपण गावाकडे कुणाला काय म्हणतो त्याची यादी. पहिली यादी लोकांनी उभं राहून वाचली. दुसरीपाशी आले की घड्याळं बघायला लागले. सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अनुपमा, बेटा, पोस्टर छान आहे. पण अर्धाच ठेवूया का? इकडे आपण सगळे एक आहोत ना?"

आम्ही अर्धा ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी बोर्ड जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून ठेवलेला सापडला.

"Waste of time," मिथुन म्हणाला. "हॉलमध्ये nobody will listen. तुझ्या फार्मवर काहीतरी करू. One real thing."

बिलकीसच्या घरी जमिनीवर बसून आम्ही अरबाबला पत्र लिहायला घेतलं. तुमच्या बागेत एक माणूस आदिवासी आहे म्हणून त्याला बाहेर जेवायला बसवतात, पेल्याने पाणी देत नाहीत. तो झाडावरचं काम करतो, त्याला ते काम कायमचं द्यावं आणि सगळ्यांबरोबर बसवावं. एवढंच. अण्णांचं नाव कुठे घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती.

बिलकीस 'आदिवासी' या शब्दापाशी अडली. "मूळचे रहिवासी असं लिहिलं तर त्याला वाटेल, हा माणूस जमिनीवर हक्क सांगतोय. आणि जंगल तर हितं नायच. जंगलात राहणारा हे अरबाबाला कसं कळायचं?" ती पेन चावत बसली. मग म्हणाली, "शहराबाहेर राहतात, घरदार नसतं, मुलूख ओळखतात. इकडच्या भटक्या अरबांना म्हणतात तसं, बदू लिहू?"

"लिही," मी म्हटलं.

"गो, पण त्या भिकाजीला विचारलंस का तू?"

"विचारलं तर तो नको म्हणेल."

बिलकीसने माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं.

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी मिथुनने वडिलांची सनी गाडी काढली. आम्ही पोचलो तेव्हा अरबाब शेडबाहेर खुर्चीत बसून घड मोजत होता. बिलकीसने सलाम करून पत्र दिलं. त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान मागे टाकून एवढ्या मोठ्याने हसला की झाडावरून साळुंक्या उडाल्या.

"बदू? हादा बदू?" त्याने काठी भिकाजीकडे रोखली. भिकाजी खताची पाटी डोक्यावर घेऊन उभा होता. "अना बदू! मेरा बाप बदू, उसका बाप बदू. बदू को बाहर कौन बिठाता?" तो अण्णांकडे वळला, पण राग नव्हता त्याच्या आवाजात. "राम, तू शहरवाला है क्या?"

अण्णांचं नाव रामेश्वर. ते हसले. मी त्यांना तसं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

अरबाबने याकूबला बकरा कापायला सांगितला. म्हणाला, आज सगळे माझ्याबरोबर जेवतील.

दीडच्या सुमाराला शेडमध्ये चटई अंथरली. मध्ये एकच थोरली परात, भाताचा ढीग, वर मटण. इकडच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी तिच्याभोवती बसायचं आणि सगळ्यांचे हात एकाच परातीत. अरबाबने भिकाजीला उजव्या हाताशी बसवलं. भिकाजीने नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. आई ओट्याशी पाठ करून उभी होती. ती काहीच करत नव्हती.

अरबाबने बिस्मिल्ला म्हटलं आणि स्वतःच्या हाताने मटणाचा मोठा तुकडा तोडून भिकाजीपुढे ठेवला. लियाकतने डावा हात गळ्यात ठेवून उजव्याने सुरुवात केली. याकूबनेही. भिकाजीने घास घेतला.

अण्णांचे हात मांडीवर होते.

"राम, यल्ला."

"अरबाब, मेरा उपास है. श्रावण. हमारा महिना."

"सियाम?"

"सियाम."

"तैब, तैब." अरबाबने छातीवर हात ठेवला. उपास म्हटल्यावर तो आदराने गप्प झाला. मग अनिल म्हणाला, मेरा भी सियाम. त्याच्या शेजारच्याचंही. एकामागून एक पाचही जणांचं सियाम निघालं.

आई अण्णांबरोबर राहायला आल्यापासून धैदमध्ये श्रावण पाळला गेला नव्हता. बुधवारीच तिने सुरमई तळली होती, आणि डोकं कुणी खायचं यावरून अनिलची बाचाबाची झाली होती.

भिकाजी चावायचा थांबला. त्याने अण्णांच्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं, मग अनिलकडे, मग परातीकडे. त्याच्या बोटांना भात चिकटलेला होता. त्याने हात हळूच मागे घेतला.

"अरबाब, मेरा पन सियाम."

तोंडात घास तसाच होता. अरबाब खो खो हसला, लियाकतच्या पाठीवर थाप मारली. लियाकत हसला नाही. त्याने भिकाजीचं मनगट धरून हात परत परातीत नेला. "खा ले, यार. खा ले ना." भिकाजीने सोडवून घेतला आणि उठून नळाकडे गेला.

मिथुन माझ्या कानाशी म्हणाला, "Say something. You say something to your dad." आईने गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

अरबाब मूर्ख नव्हता. जाताना त्याने अण्णांना गाडीशी बोलावून बराच वेळ विचारलं. अण्णांनी काय सांगितलं ते कळलं नाही. पुढच्या मंगळवारी ट्रेलरवरून एक पोर्टा केबिन आली. पांढरी, नवी, खिडकीत एसी, दाराशी छोटा ओटा आणि गॅसची शेगडी. शेळ्यांच्या गोठ्यापलीकडे बसवली. अरबाबचा निरोप होता, तुमच्यात प्रत्येकाचा चुलखंड वेगळा असतो असं राम सांगतो. ठीक आहे, ज्याचा त्याचा धर्म. माझा बदू माझ्या खर्चाने वेगळा राहील, आणि झाडावरचं काम त्याचंच.

आमच्या पत्रात मागितलेलं निम्मं मिळालं होतं.

पाच जणांच्या खोलीतला एसी जूनपासून बंद होता. त्या दिवसापासून शेडमधलं बोलणं बदललं. "बदूशेठ, आज काय बेत?" "अरे त्याला त्रास देऊ नका, साहेबाला थंडीत झोप लागत नाय." पाणी मागायला आला की अनिल म्हणायचा, "तुझ्या बंगल्यात फ्रीज नाय काय दिला?" धारही बंद झाली. भिकाजी केबिनमधून बाटली भरून घ्यायला लागला. भाताला कच्चा वास यायचा, त्याला शेगडीवर अंदाज येत नव्हता. आईने मेसमधून ताट ठेवणं थांबवलं, कारण आता त्याची वेगळी सोय होती. मोटारघराच्या खिडकीशी बसलं की निदान शेडमधली बडबड ऐकू यायची. गोठ्यापलीकडे एसीचा आवाज होता, बस.

शुक्रवारी आम्ही तिघं केबिनवर गेलो. भिकाजीने आम्हाला पायरीवर बसवलं, स्वतः खाली वाळूत बसला.

"वर बस ना," मी म्हटलं.

"बरा हाय." तो पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिला. "बाय, त्या कागदात काय लिवलं होतं?"

बिलकीसने सांगितलं. सगळं, शब्दाशब्दाने. तो ऐकत होता.

"मी झाडावरचं बोललो होतो तुला. जेवायचं कुठं बोललो होतो?"

"पण ते चूक होतं ना, भिकाजी. तुला बाहेर बसवणं."

"चूक व्हतं. म्हाईत हाय मला." तो पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "तुला काय वाटलं, मला म्हाईत नव्हतं? पन मी अण्णांचा मानूस व्हतो. आता मी कुनाचाच नाय. अरबाब शुक्रवारचा येतो."

ताट केबिनच्या ओट्यावर होतं. मिथुनने ते उचलून कडेवरची अक्षरं बघितली आणि मला विचारलं, "Does he know what this is for?"

"काय म्हनतो त्यो?"

मी सांगायला नको होतं. पण आम्ही त्या उन्हाळ्यात खरं बोलायचं ठरवलं होतं, आणि मी वीस वर्षांची होते. मी म्हटलं, "भिकाजी, बाकी कुणाच्या ताटावर नाव नाही. चुकून तुझं ताट दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून ते घातलंय."

त्याने मिथुनच्या हातातून ताट घेतलं. अंगठा त्या ठिपक्यांवरून एकदा फिरवला. मग त्यात सकाळचा भात होता तो शेळ्यांपुढे ओतला.

"एसी थंड हाय पन," तो म्हणाला. "सांगा अरबाबास. लई थंड हाय."

त्या संध्याकाळी अण्णा पंप तपासून आले, हात धुऊन जेवायला बसले. आईने बोंबील केले होते.

"अण्णा, श्रावण संपला का?"

"जेव."

"तो तुमच्यासाठी तोंडातला घास थांबवून उठला."

"त्याला इथे कुणी आणला?" अण्णा शांतपणे भात कालवत होते. "तुमच्या परिषदेनं? मुंबईच्या विमानतळावर त्याच्या पायात चप्पल नव्हती. लोक बघत होते. मी माझी दिली. मी मोज्यांवर चाललो."

"दिलीत. परत मिळाल्यावर ती तुम्ही घातलीत का?"

अण्णांचा हात थांबला. आई म्हणाली, "अनू, पुरे." ते मग जेवले नाहीत, उठलेही नाहीत. ताटातला बोंबील गार होईपर्यंत बसून राहिले. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. मी वाट बघत होते, ते काढतील. बहुधा तेही वाट बघत असावेत.

सप्टेंबरात भिकाजीने सांगितलं, विसा कॅन्सल करा. अण्णा म्हणाले, "झाडावरचं काम तुझंच आहे रे. राहा की." तो म्हणाला, "नको अण्णा. घरचे बोलावतात." कागद आमच्याच सेंटरमध्ये टाइप झाले. राजीनाम्याच्या कारणाची ओळ मी टाइप केली, 'वैयक्तिक'. विमानतळावर सोडायला लियाकत गेला. जाताना भिकाजीने याकूबला मिठी मारली, आईला वाकून नमस्कार केला, अण्णांना लांबून. बॅगेत काय काय होतं ते मी बघितलं. ताट नव्हतं. ते मोटारघराच्या खिडकीत उपडं घातलेलं होतं, रोजच्यासारखं, धुऊन.

परिषद तोपर्यंत उरकली होती. मंडळात गणपतीत मुलींनी आदिवासींचा तारपा नाच बसवला होता. मिथुनने त्यावर सेक्रेटरींशी भांडण केलं आणि मग ऑक्टोबरात परीक्षा आल्या.

अण्णा फेब्रुवारीत गेले. बागेतच, सकाळी पाळी सोडताना, दोन नंबरच्या बोअरपाशी. हृदय. नवी बोअर पाडायला मशीन आलं होतं, त्याच्या आवाजात त्यांनी हाक मारली असेल तर कुणाला ऐकू गेली नाही. त्यांना गावी नेलं. घाट उतरून स्मशानात जाताना कातकरवाडी लागते. वाडीतली माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती. भिकाजी त्यांत होता की नाही ते मला दिसलं नाही. मी बघायला वळलेही नाही.

महिन्याने आई आणि मी खोल्या रिकाम्या करायला धैदला आलो. माणसांनी म्हटलं, अण्णांच्या नावाने एकदा जेवण करा. आम्ही वरण, भात, वाटाण्याची उसळ, खीर केली. ताटं कमी पडतील म्हणून मी शोधायला गेले तेव्हा मोटारघराच्या खिडकीत ते ताट होतं. सहा महिन्यांची वाळू त्याच्या तळावर साचून घट्ट झाली होती. कुणी वापरलं नव्हतं, कुणी फेकलंही नव्हतं. मी ते घासलं. दोनदा घासलं, पुसलं आणि बाकीच्या ताटांत मधोमध घातलं.

पंगत शेडमध्ये बसली. लियाकत आणि याकूबही बसले. मी ताटं वाटत गेले. ते ताट अनिलपुढे आलं. त्याने कडेवर बोट फिरवलं, वाचलं, माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे रडून सुजलेले होते, अण्णांवर त्याचा जीव होता. त्याने ते बाजूला सरकवलं आणि ढिगातलं दुसरं घेतलं.

मला ओरडायचं होतं. अण्णांचं जेवण होतं. मी ते ताट उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर त्यात स्वतःसाठी भात वाढायला घेतला. आई समोर बसली होती. कडेवरचे ठिपके सुबक होते, एकही हललेला नव्हता. अण्णांनी वेळ घेऊन घातले होते.

डाव भातात घातला आणि मी थांबले. ताट घेऊन नळाशी गेले, आणि ते पुन्हा एकदा विसळलं.